साहेबांच्या वतीनं

म्हाळू कोळपे दहाव्याला गेला की धुरपदा अंगणातल्या चुलीवर पाण्याचा हंडा चढवून ठेवायची. घाटावरून आलेल्या माणसानं आधी अंगावर पाणी घ्यायचं, मगच उंबरा ओलांडायचा. बाकीच्या घरांत ही वेळ वर्षातून एखाद-दोनदा येते. खुटबावच्या कोळप्यांकडं ती दर आठवड्याला यायची, कधी एका सकाळी दोन गावचे दहावे असायचे. "लोकांच्या बायका दिवाळीला पाणी तापवतात, मी बारा महिने तापवती," असं धुरपदा शेजारणीला ऐकवायची. पण त्यात तक्रार थोडी आणि तोराच जास्त. कारण नवरा जात होता तो मंत्र्याच्या वतीनं.

मंत्री म्हणजे आबासाहेब इंगवले. नदीकाठचे बागायतदार. आधी सरपंच, मग सोसायटीचे चेअरमन, मग पंचायत समितीचे सभापती, अशा एकेक पायऱ्या चढत ते नव्वद साली आमदार झाले. पंच्याण्णव साली पक्षानं तिकीट कापलं, तर रागानं अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. त्या वेळी सरकार बनवणाऱ्यांना एकेक अपक्ष सोन्याच्या भावानं हवा होता. आबासाहेब मुंबईला गेले ते आमदार म्हणून आणि परत आले कॅबिनेट मंत्री होऊन. लाल दिव्याची गाडी यवतच्या चौकात पहिल्यांदा थांबली, तेव्हा ढाबेवाल्यांनी भट्ट्या तशाच सोडून फटाके लावले. खातं मिळालं होतं पशुसंवर्धनाचं. "शेळ्यामेंढ्यांचा मंत्री," असं विरोधक म्हणाले. साहेब म्हणाले, "चालंल. मतं बी कळपानंच येत्यात."

म्हाळूचा बाप तात्याबा मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचा. म्हाळूच्या हाती कालव्याचं पाणी आलं, दोन एकर ऊस आला, मेंढरं गेली. राहिला तो आवाज. डोंगराच्या या अंगाला उभं राहून त्या अंगाच्या मेंढराला हाक घालायचा बापाचा आवाज. नव्वदच्या प्रचारात यवतच्या बाजारतळावर सभा ऐन रंगात असताना लाईट गेली आणि कर्णे मुके झाले. म्हाळू पुढच्याच रांगेत होता. तो बैलगाडीच्या साटीवर चढला आणि साहेब एक वाक्य बोलले की तेच वाक्य पार मागच्या भेळवाल्यापर्यंत पोचवू लागला. सभा संपल्यावर साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लाईटबिल न येणारा कर्णा हाय ह्यो. आपल्याला पायजे."

पुढं साहेबांचं अधिवेशन, दौरे, मुंबईच्या बैठका वाढल्या आणि तालुक्यातले दहावे अंगावर यायला लागले. आमदार लग्नाला आला नाही तर माणसं चार दिवस रुसतात, दहाव्याला आला नाही तर पाच वर्षं. घाटावर प्रवचन होतं, मग पुढारी एकामागून एक श्रद्धांजली वाहतात, आणि कोण आलं न् कोण नाही हे लोक मयतापेक्षा जास्त लक्षात ठेवतात. म्हणून साहेबांनी म्हाळूला पाठवायला सुरुवात केली. पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि ठरलेलं वाक्य, "नामदार आबासाहेब इंगवले यांच्या वतीनं..."

एकदा एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला पिंड मांडून बराच वेळ झाला तरी कावळा खाली येईना. बाभळीवर तिघं-चौघं बसलेले, पण हलायला तयार नाहीत. मुलांनी हात जोडून सांगितलं, आईला सांभाळू, वाटणी नीट करू. काही नाही. म्हाळूला म्हाताऱ्याचं दुखणं माहीत होतं. मळ्यातल्या मोटारीला लाईटीचा खांब मिळावा म्हणून त्या माणसानं चपला झिजवल्या होत्या. म्हाळू पिंडासमोर उभा राहिला आणि सहज बोलून गेला, "बाबा, साहेबांच्या वतीनं सांगतो, तुमच्या मळ्यात खांब उभा ऱ्हाईल." कावळा सरळ उतरला आणि पिंडाला चोच लावून उडाला.

घाटावर कुजबुज झाली ती सगळ्या तालुक्यात पसरली. साहेबांना कळलं तेव्हा ते आधी पोट धरून हसले. मग त्यांनी फोन उचलून खांबाचं काम लावून टाकलं.

"म्हाळू," ते म्हणाले, "जित्याला दिलेला शब्द मोडला तर त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन समजूत काढता येती. मेलेल्याच्या घरी कुठं जायाचं? तवा जपून देत जा."

म्हाळू जपूनच द्यायचा. आदल्या दिवशी तो त्या घरी जाऊन बसायचा. ओसरीवरच्या पुरुषांना मयताच्या मनात काय राहिलं ते ठाऊक नसतं. ते चुलीपाशी विचारावं लागतं. धुरपदानंच त्याला हे शिकवलं होतं. मग कुठं नातीला वसतिगृहात जागा, कुठं फाट्यावर एसटीचा थांबा, कुठं लंगड्या भावाला तीनचाकी. साहेब ते करून द्यायचे. घाटावर म्हाळूचं नाव झालं. "कोळपेआप्पा आले का? मग येतोय कावळा," असं लोक म्हणू लागले.

आणि मग शहाण्णवच्या श्रावणात नकुशी गेली.

नकुशीचं माहेर अलीकडं, दौंडच्या बाजूला. सासर भीमेच्या पलीकडच्या काठावर, भिवरवाडीला. तो काठ शिरूर तालुक्याचा. मधे नदी, आणि नदीवर पूल नाही. रस्त्यानं जायचं तर अर्धा दिवस मोडायचा, म्हणून माणसं काहिलीतून यायची जायची. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस कढवतात ती मोठी लोखंडी कढई. गुऱ्हाळ बंद पडलं की ती नदीवर यायची. एक जण बांबूनं ढकलणार, बाकीचे तळाशी उकिडवे बसणार.

नकुशी नागपंचमीला माहेरी आली होती, कडेवर वर्षाची सोनम. परतताना वरच्या धरणातून पाणी सुटलेलं, त्यावर पुण्याकडून वाहत आलेल्या जलपर्णीचे पुंजके. एका पुंजक्यात काहील अडली, गिरकी खाल्ली आणि कलंडली. नकुशीनं पोरीला उलट्या काहिलीच्या बुडावर ढकललं. लोक सांगतात, ती एकदाच वर आली, पोर आहे का ते बघायला. मग खालच्या बंधाऱ्यापाशी सापडली.

दहावा अलीकडच्या घाटावर झाला. दोन्ही काठांची माणसं आली होती. सासू दगडाबाई मांडीवर सोनमला घेऊन बसली होती. पिंड मांडला. कावळे होते, नव्हते असं नाही. पण पायरीच्या कडेला येऊन बसत आणि मान तिरकी करून बघत राहत. नवऱ्यानं सांगितलं, पोरीला सांभाळतो. नकुशीच्या आईनं चोळीबांगडीचं बोलून घेतलं. दगडाबाई म्हणाली, "बाई, माझ्या हाडाची काडं करीन पण सोनीला वाढवीन. खा गं." ऊन वर आलं. पिंडावरचा भात सुकायला लागला.

सगळ्यांनी म्हाळूकडं पाहिलं.

त्यानं आदल्या दिवशी चुलीपाशी विचारलं होतं. नकुशीच्या आईनं एकच सांगितलं होतं, ती पाण्याला फार भ्यायची, काहिलीत बसली की डोळे मिटून घ्यायची. म्हाळू उठला. समोर नदी, मांडीवर ते लेकरू, सगळ्या घाटाचे डोळे. कुणाच्या अंगात यावं तसा तो आवाज त्याच्या छातीतून आला.

"नकुशे, बाई माझे. साहेबांच्या वतीनं शब्द देतो. ह्या जागी पूल हुईल. तुझी पोर काहिलीत बसणार न्हाई."

कावळा आला. एक नाही, दोघं आले.

बायांनी डोळ्यांना पदर लावले. भिवरवाडीचा एक म्हातारा म्हाळूच्या पाया पडला. म्हाळू मात्र तडक घरी आला. धुरपदानं पाणी काढलं, त्यानं अंघोळ केली. थोड्या वेळानं परत म्हणाला, "आजून एक हंडा ठिव."

"काय सांगून आलायसा?" धुरपदानं विचारलं.

"पूल."

धुरपदाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "कुणाला?"

"नकुशीला."

"आन् साहेबांना?"

"त्यांना आता सांगायचाय."

यवतच्या बंगल्यावर साहेब नाश्त्याला बसले होते. म्हाळूनं सगळं सांगितलं. साहेबांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. या वेळी ते हसले नाहीत.

"अरं, बल्ब द्यायला पाठवला तुला, तू सूर्व्या देऊन आलास. माझं खातं काय? जनावरांचं. मी काय नदीवर म्हशी आडव्या उभ्या करू?"

"बांधकामवाल्या साहेबांना तुम्ही..."

"ऐक. पूल म्हंजी दोन काठ. ह्यो काठ माझा. त्यो काठ शिरूरचा, तिथला आमदार निराळा. मी मागितला तर त्यो म्हणंल माझ्या दारात कशाला शिरतोस. त्यानं मागितला तर मी बी तेच म्हणीन. पलीकडची वाडी मला मत देती का?"

"न्हाई."

"मग?"

"पण तिनं पिंड घेतलाय, साहेब," म्हाळू म्हणाला.

साहेबांनी बशी परत जवळ ओढली. "बघू," ते म्हणाले. मंत्र्याचं बघू म्हणजे काय, ते बंगल्यावरच्या शिपायालाही कळत होतं.

त्या वर्षी सर्वपित्रीला धुरपदानं खीर, भजी, गवारीची भाजी, आमटी-भात असं सगळं केलं. म्हाळूनं पान वाढून पत्र्यावर ठेवलं आणि बापाच्या नावानं हाक घातली. शेजारच्या पत्र्यावर कावळ्यांची भांडणं चालली होती. कोळप्यांच्या पत्र्यावर एक कावळा येऊन बसला, पानाकडं त्यानं पाहिलं, मग खाली उभ्या म्हाळूकडं पाहिलं, आणि उडून गेला. संध्याकाळपर्यंत भात मुंग्यांनी नेला.

"गर्दी असंल आज. सगळीकडंच जेवण हाय," धुरपदा म्हणाली.

पुढच्या वर्षी तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. धुरपदानं एकदा स्वतःच्या हातानं पान ठेवून पाहिलं, तर कावळे तुटून पडले. म्हाळूनं ते ओसरीवरून पाहिलं. तेव्हापासून त्याचं जेवणावरचं मन उडालं. भाकरीचा पहिला तुकडा तो बाहेर टाकायचा आणि वाट बघत बसायचा. कुत्री खायची, चिमण्या खायच्या. आभाळातून काळं काही यायचं ते कुंपणावर बसायचं, आणि मान तिरकी करून बघायचं, घाटावरचे कावळे बघत होते तसं.

"माझ्यापायी माझा बाप उपाशी हाय," तो एकदा म्हणाला.

"खुळ्यावानी काय बोलताय? मामंजी माझ्या हातचं खात्यात की."

"तुझ्या हातचं. लेकाच्या हातचं न्हाई."

दहाव्यांना तो जातच राहिला. साहेबांचं काम होतं. पण शब्द देताना आता त्याची जीभ जड व्हायची आणि तो अगदी बारके शब्द द्यायचा, हाताच्या मुठीत मावतील एवढे. लोकांच्या पिंडाला कावळे अजून शिवत होते. कुणाच्याही हाकेला येत होते, फक्त त्याच्या हातच्या घासाला नाही.

नव्व्याण्णवची निवडणूक लागायच्या आधी एके दिवशी घाटावर मंडप पडला. म्हाळूला वाटलं कुणी मोठं माणूस गेलं. जाऊन बघतो तर पुलाचं भूमिपूजन. साहेबांनी नारळ फोडला, काळ्या दगडाची कोनशिला उघडली. तिच्यावर सोनेरी अक्षरात नाव, "ना. आबासाहेब इंगवले यांच्या शुभहस्ते." साहेबांनी म्हाळूकडं बघून डोळे मिचकावले. "झालं का समाधान तुझ्या नकुशीचं?"

म्हाळूच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन त्यानं भाकरीचा तुकडा टाकला आणि हात जोडून उभा राहिला. कुंपणावरचं पाखरू हललं नाही. मग त्याला कळलं. नारळ फुटला होता, शब्द फिटला नव्हता.

साहेब निवडून आले पण सरकार बदललं, मंत्रिपद गेलं. पुढच्या खेपेला आमदारकीही गेली. पुलाच्या नावानं एक खडीचा ढीग पडला होता, तो लोकांनी घरं बांधायला नेला. एका पुरात कोनशिला आडवी झाली, आणि सपाट काळा दगड घाटावर आयताच मिळाल्यावर बाया त्याच्यावर धुणं धुवायला लागल्या. साबणानं आणि आपटून आपटून सोनेरी अक्षरं फिकट होत गेली. पलीकडच्या काठावर नकुशीच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, रांजणगावला कंपनीत लागला आणि तिकडंच राहिला. सोनम दगडाबाईपाशी वाढली. पाचवीत गेल्यावर ती अलीकडच्या शाळेत यायला लागली. काहिलीतून.

म्हाळूनं तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो घाटावर कुणाच्या तरी दहाव्याला उभा होता. श्रद्धांजली चालू होती. नदीतून काहील येत होती, आणि तिच्यात शाळेच्या निळ्या कपड्यातल्या मुली. बांबू धरलेली मुलगी त्यांच्यातलीच होती. तिनं डोळे मिटले नव्हते. जलपर्णीचा पुंजका आला तसा तिनं तो बांबूनं ढकलला आणि काहील काठाला लावली. कुणीतरी हाक मारली, "सोने, दप्तर भिजलं बघ." म्हाळूच्या तोंडचं "साहेबांच्या वतीनं" हे वाक्य तिथंच तुटलं. पुढचं त्याला आठवेना. लोकांना वाटलं आप्पांना भरून आलं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात साहेबांनी अंथरूण धरलं. म्हाळूला बोलावणं आलं. बंगला तोच होता, पण आता दारात गाड्या नव्हत्या. साहेब पलंगावर होते, पार वाळून गेलेले. भर दुपारी खोलीची खिडकी बंद, पडदा ओढलेला.

"पडदा सरकवू का साहेब? जरा उजेड..."

"नगं." साहेबांचा आवाज कोरडा होता. "एसीच्या डब्यावर येऊन बसतंय. दिसभर. ह्या लोकांना सांगितलं तर म्हणत्यात, कावळाच हाय. मला बी म्हाईत हाय कावळाच हाय." ते थांबले. "कुणाचा हाय ते बी म्हाईत हाय."

बाहेर पत्र्यावर नखं घासल्याचा बारीक आवाज आला.

"म्हाळू, त्या पुलाचं काय झालं रं?" साहेबांनी असं विचारलं, जणू म्हाळूच मंत्री होता आणि ते त्याच्या दारात अर्ज घेऊन आले होते.

"काय न्हाई झालं, साहेब."

"मी ह्या तालुक्यात किती दहावे सांभाळले. आता माझ्या वक्ताला त्यो खाली उतरला न्हाई तर? सगळे बघतील. हसतील." त्यांनी म्हाळूचा हात धरला. हात थंड होता. "तू ऱ्हाशील न्हवं तवा?"

"ऱ्हाईन," म्हाळू म्हणाला. आणि हा शब्द त्यानं कुणाच्याही वतीनं दिला नव्हता, हे घरी येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही.

साहेबांचा दहावा त्याच घाटावर झाला. मांडव नदीपर्यंत गेला होता. पुण्याचे, मुंबईचे पुढारी आले, पेपरवाले आले. पलीकडच्या काठावरूनही माणसं आली. दगडाबाई सोनमला घेऊन बायांच्या मागं एका कडेला बसली होती. श्रद्धांजल्या संपता संपेनात. कुणी म्हणालं तालुका पोरका झाला, कुणी म्हणालं जनावरांचा सुद्धा देव गेला. मग पिंड ठेवला आणि सगळे मागं सरले.

कावळे बाभळीवर होते, मांडवाच्या बांबूवर होते. धुणं धुवायच्या त्या काळ्या दगडावर एक बसला होता. एकही हलेना.

साहेबांचा मुलगा विश्वजीत पुढं झाला. पुण्यात शिकलेला, पुढच्या निवडणुकीची तयारी करणारा. आईला जपेन, म्हणाला. बहिणींना अंतर देणार नाही. साखर कारखान्याचा विस्तार करीन. बाभळीचं पान हललं नाही. आत्या बोलल्या, भाऊ बोलले, जुने कार्यकर्ते बोलले. ऊन चढलं. मागच्या रांगेतून कुणीतरी हलकेच म्हणालं, "जित्तेपणी लोकांना ताटकळत ठेवलं, आता कावळा ठेवतोय." तोंडाला उपरणी लावून माणसं हसली. साहेब ज्याला भीत होते तेच झालं.

"गुरुजी, दर्भाचा कावळा करून लावता येईल ना?" विश्वजीतनं विचारलं.

"येईल की. पण थांबा अजून थोडं. लोक आहेत," गुरुजी म्हणाले.

विश्वजीत घाम पुसत म्हाळूपाशी आला. "आप्पा, बोला काहीतरी. तुम्हीच आणू शकता."

"पुलाचं बोला, विश्वजीतराव," म्हाळू हळूच म्हणाला. "त्याच्यावर अडलंय."

विश्वजीतनं पेपरवाल्यांकडं एक नजर टाकली. "पुलाचं कसं बोलू? तो काठ आपला नाही. उद्या छापून येईल. फार तर पाठपुरावा करू असं म्हणता येईल."

"पाठपुराव्यावर कावळा येत न्हाई."

"मग तुम्ही द्या शब्द. माझ्या वतीनं द्या. नेहमी देता तसा." त्यानं माईक म्हाळूच्या हातात ठेवला.

म्हाळूनं माईककडं पाहिलं. दहा वर्षांपूर्वी याच पायरीवर तो उभा होता. तेव्हा नदी भरलेली होती, आज अर्धी हिरव्या पानांनी झाकलेली. जीभ तीच. उचलायची आणि टाळ्याला लावायची, की कावळा खाली. परत कुणाच्या तरी नावावर. परत दहा वर्षं. त्यानं माईक विश्वजीतच्या हातात परत दिला.

"तुमच्या वतीनं न्हाई जमायचं आता," तो म्हणाला.

आणि तो पिंडासमोर गेला. टोपी काढली. माईक नव्हता, पण तात्याबाचा तो आवाज पलीकडच्या काठावर काहिलीपाशी बसलेल्या माणसालाही ऐकू गेला.

"साहेब, ऐका. पुलाचा शब्द तुमचा न्हवता. तुम्हाला न इचारता मी तुमच्या नावावर टाकला. नकुशी तुमच्या मागं लागली, तिची बी चूक न्हाई, तिला मीच तुमचं घर दावलं. आज त्यो तुमच्यावरनं उतरून घेतो. माझ्यावर घेतो. नकुशे, आता हिकडं ये. साहेबांना सोड."

बायांच्या मागून दगडाबाई उभी राहिली होती.

काळ्या दगडावरचा कावळा उठला. म्हाळूच्या डोक्यावरून, टोपी नसलेल्या त्याच्या केसांना पंखाचा वारा लागेल इतक्या खालून गेला, आणि साहेबांच्या पिंडाला त्यानं चोच लावली.

विश्वजीतनं म्हाळूकडं पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा बंगल्यावरून बोलावणं येणार नाही हे म्हाळूला तिथंच कळलं. गर्दी पांगत असताना दगडाबाई त्याच्यापुढं येऊन थांबली.

"तिनं पूल मागितला न्हवता, आप्पा. तुमीच बोलून गेलासा."

"व्हय."

"आता कसा बांधनार तुमी? तुमचं खातं कुठलं?"

यावर सोनमला हसू फुटलं, तिनं ते ओढणीत दाबलं. म्हाळूही ओशाळून हसला. "पूल हुईल तवा हुईल, दगडाबाई. तवर मी हाय हितं."

त्या दिवशी धुरपदानं दोन हंडे तापवून ठेवले होते. तिच्या कानावर सगळं आधीच आलं होतं. ती म्हणाली, "साहेब सुटलं. तुमी?" म्हाळूनं हंड्यातलं पाणी अंगावर घेतलं.

यवतला हायवेच्या कडेला भंगारवाल्याकडं ट्रकची जुनी वायररोप मिळाली. ती त्यानं घाटावरच्या बाभळीपासून पलीकडच्या बाभळीपर्यंत ताणली, आणि काहिलीच्या कड्याला साखळी लावून त्या दोरावर अडकवली. आता पुंजका आला तरी काहील गिरकी घेत नाही. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी म्हाळू काठावर असतो, पांढरा सदरा गुडघ्यापर्यंत ओला. सोनम पहिल्यांदा चिडली होती. "मला येतीय की काहील चालवता. मी न्हाई भेत."

"तू न्हाई भेत गं," म्हाळू दोर ओढत म्हणाला, "मी भेतो."

मग ती रोज बसू लागली, पण बांबू काही तिनं सोडला नाही.

घाटावर अजून दहावे होतात. लोक म्हाळूला बोलायला बोलावत नाहीत, आणि बोलावलं तरी तो जात नाही. कधीकधी मात्र घाट रिकामा असताना पाण्याच्या बाजूनं कुणीतरी हाक मारल्यासारखं त्याला वाटतं, आणि तो "आलो, आलो" म्हणत दोर तपासायला जातो. काहिलीत कुणीच नसतं. जलपर्णी हळूच सरकते आणि मधे काळं पाणी दिसतं, एका माणसाच्या डोक्याएवढं, आणि परत मिटतं.

भाद्रपद आला. सर्वपित्रीला त्यानं पान घरच्या पत्र्यावर ठेवलं नाही. केळीच्या पानात वाढून घेतलं आणि घाटावर नेलं. बाया धुणं उरकून गेल्या होत्या, काळा दगड ओला होता. वाकून बघितलं तर "इंगवले" एवढंच वाचता येत होतं. त्याच्या शेजारी त्यानं पान मांडलं. बापाचं नाव घेतलं, साहेबांचं घेतलं, शेवटी नकुशीचं घेतलं. मग मागं सरून दोराला टेकून बसला.

दुपार कलल्यावर तो घरी आला. धुरपदा दारातच होती.

"शिवला का?"

म्हाळूनं पाय धुतले. टोपी खुंटीला लावली.

"न्हाई," तो म्हणाला. "पण दगडावर येऊन बसला हुता. पानाला लागून. लई वेळ."

"काय करत हुता?"

"नदीकडं बघत हुता."

धुरपदानं चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि त्याच्यासाठी ताट घेतलं.